शुभमन गिल वावरातून वर कसा आला? गावाकडच्या पोरांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्यात गावच्या शाळेच्या मैदानावर पोरांना खेळवायला लागलं, की तेच तेच प्रश्न येतात. पोरं विचारतात, बाप विचारतात, हल्ली माया पण विचारतात. सुरुवात भारताचा बॅट्समन शुभमन गिल याच्यापासून होते आणि गाडी आपल्या यवतमाळच्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात येऊन थांबते. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. प्रश्न ज्या बोलीत आले, तसेच ठेवलेत.

सर, गिलच काहून? आपल्या विदर्भातला कोणी नाही का?

आहेत ना. उमेश यादव नागपूरजवळच्या खापरखेड्याचा. वडील कोळसा खाणीत कामगार, आणि पोरगा 2011 मध्ये भारताकडून कसोटी खेळला. जितेश शर्मा अमरावतीचा, भारताकडून टी-ट्वेंटी खेळलेला. मागे जायचं तर भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू 1895 साली नागपुरातच जन्मले. विदर्भानं रणजी करंडक तीन वेळा जिंकलाय: 2017-18, 2018-19 आणि 2024-25.

पण 6 फेब्रुवारी 2025 ला नागपूरच्या जामठ्याच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध गिलनं 87 केले, सामनावीर झाला, आणि तेव्हापासून आपल्याकडे प्रत्येक पोट्ट्याला तिसऱ्या नंबरवर बॅटिंग पाहिजे. शिवाय एक कारण माझं स्वतःचं आहे. उमेश फास्ट बॉलर. अंगात ताकद आणि वेग असेल तर बॉलर विशीच्या आसपास लेदर बॉल हातात धरूनही वर येऊ शकतो, आणि उमेशनं ते करून दाखवलं. बॅट्समनचं तसं सहसा होत नाही. बॅट्समन लहानपणीच घडावा लागतो. तो कसा घडतो हे पाहायला गिलची पहिली पंधरा वर्षं फार उपयोगी आहेत. टीव्हीवर मात्र ती पंधरा वर्षं दोन वाक्यांत आटोपतात.

त्याचा बाप खरंच शेतकरी होता का? किती वावर होतं?

खरंच शेतकरी. पंजाबच्या फाजिल्का जिल्ह्यात, पाकिस्तानच्या सीमेला लागून असलेल्या भागात चक खेरेवाला नावाचं गाव आहे. 8 सप्टेंबर 1999 चा गिलचा जन्म. वडील लखविंदर सिंग. त्यांना स्वतःला क्रिकेटपटू व्हायचं होतं, ते जमलं नाही.

एकराचा आकडा विचारू नका, तो सांगून तुमचा काही फायदा नाही. फरक पाण्याचा आहे. फाजिल्क्याचं वावर कालव्याच्या पाण्यावरचं. तिथेही कापूस होतो, पण सोबत किन्नू संत्र्याच्या बागा आहेत, गहू आहे. आपल्याकडे कापूस आणि सोयाबीन पावसाच्या भरवशावर. "शेतकऱ्याचा पोरगा" हे शब्द ऐकले की आपल्याला आपला कोरडवाहू शेतकरी दिसतो, आणि तिथेच चूक होते. त्या घरात अडचणी नव्हत्या असं मी म्हणत नाही. पण पोराच्या खेळासाठी गाव सोडून शहरात भाड्यानं राहायचं आणि मागे शेती चालू ठेवायची, एवढी ऐपत त्या घराची होती. पोट्ट्याला स्वप्न दाखवताना बापानं हे लक्षात ठेवावं.

वावरात सराव करायचा म्हणजे नेमकं काय करायचा?

हा प्रश्न सगळ्यात चांगला, म्हणून सविस्तर सांगतो.

पोरगं तीन-चार वर्षांचं असल्यापासून बाकी खेळण्यांपेक्षा बॅटमागे जास्त असायचं, असं घरचे सांगतात. मग वडिलांनी वावरातच जागा तयार केली. बॉलिंग टाकायला कोण? शेतावरची गडी-माणसं आणि गावातली पोरं. वडिलांनी पैज लावली: माझ्या पोराला आऊट करा, शंभर रुपये घ्या.

या पैजेची मजा बघा. गावातलं मोठं पोरगं लहान पोराला बॉल टाकताना एरवी हात आखडून टाकतं. लागेल, रडेल, त्याची माय ओरडेल, म्हणून. शंभर रुपये समोर दिसले की तो दयामाया विसरतो. शिवाय लहान्याला आऊट नाही करता आलं तर संध्याकाळी पारावर टिंगल होणार ती वेगळी. म्हणजे त्या लेकराला रोज स्वतःपेक्षा दुप्पट वयाच्या, जीव तोडून टाकणाऱ्या बॉलरसमोर उभं राहावं लागायचं. असा सराव शहरातल्या महागड्या अकादमीतही विकत मिळत नाही, कारण तिथे पोराला खूश ठेवणं हा धंद्याचा भाग असतो.

दुसरी गोष्ट बाजेची, म्हणजे दोरीच्या खाटेची. वडील बाज टाकून तिच्यावर बॉल आपटायचे. बाजेवरून बॉल उसळत नाही, सरकत आणि झपकन येतो. समोरच्याला बॅट उचलायला वेळच मिळत नाही. त्यातून हात लवकर निघायची सवय लागते. कधी बॅटऐवजी स्टंपनं खेळायला लावायचे. स्टंपची रुंदी ती किती! बॉल मधोमध लागला तरच जातो, नाहीतर सुटतो.

आणि रोजचे शेकडो बॉल. सणवार, पाहुणे, काही असलं तरी. आता गिल उंच बॉलवर हात आखडते ठेवून जो छोटासा पुल मारतो, ज्यात बॅट पूर्ण फिरतच नाही, तो पाहिला की मला ती बाज आठवते. हा माझा अंदाज, त्यानं असं कुठे सांगितलंय असा माझा दावा नाही.

हे आपल्या वावरात जमते का?

अर्धं जमते.

आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. सोयाबीन निघाल्यावर वावर सपाट दिसतं, पण बॉल एकदा घोट्यावर, एकदा छातीवर. अशा जागी लेकराला लेदर बॉलनं खेळवू नका. त्याचं तंत्र घडत नाही, तो फक्त बॉलला भ्यायला शिकतो, आणि एकदा पाय लेग साइडला पळायला लागला की ती खोड जाता जात नाही. मुरूम टाकून, पाणी मारून, दाबून घेतलेली पट्टी चालते. सिमेंटची पट्टी करता आली तर उत्तमच. पूर्ण बावीस यार्ड नको, बॅट्समनच्या बाजूची टप्प्यापुरती केली तरी थ्रोडाउनचं, म्हणजे जवळून हातानं बॉल फेकून सराव द्यायचं, काम भागते. त्यावर मॅटिंग टाकलं तर बॉलही टिकतो. शाळेच्या मैदानाच्या कडेला अशी एक पट्टी असली तर चार गावांची पोरं खेळतील. गावात एवढे फ्लेक्स लागतात, त्यातल्या दोन वर्षांच्या फ्लेक्सच्या पैशात ती होईल. असो.

बाज मात्र प्रत्येकाच्या घरी आहे. पैजेसाठी शंभरही नको, दहा रुपयांतही गावची पोरं फाडून टाकतात.

गाव कधी सोडलं? सोडणं जरुरी होतं का?

2007 च्या सुमारास, म्हणजे पोरगं सात-आठ वर्षांचं असताना, कुटुंब मोहालीला आलं. पंजाब क्रिकेट असोसिएशनच्या स्टेडियमजवळ भाड्याचं घर घेतलं. फाजिल्क्यापासून मोहाली अडीचशे-तीनशे किलोमीटर. आपल्या हिशेबानं अकोल्याहून उठून नागपूरला बिऱ्हाड करण्यासारखं.

जरुरी होतं का? त्याच्या बाबतीत होतं, असं मला वाटतं. वावरात डोळा आणि हात तयार झाले, पण तिथे टर्फ विकेट, म्हणजे गवत-मातीची तयार खेळपट्टी नव्हती, लेदर बॉलचे सामने नव्हते आणि पाहणारं कोणी नव्हतं. मोहालीत हे सगळं मिळालं. भारताकडून खेळलेले डावखुरे वेगवान गोलंदाज करसन घावरी तिथे फास्ट बॉलरांचं शिबिर घेत होते. सरावासाठी बॅट्समन हवे होते. त्यांना अकरा-बारा वर्षांचा हा पोरगा दिसला आणि त्यांनी त्याला स्वतःपेक्षा कितीतरी मोठ्या पोरांसमोर उभं केलं. तो सरळ बॅटनं खेळत राहिला. गावातल्या शंभर रुपयांच्या पैजेचा सराव तिथे कामाला आला.

एक पाहा, पोराला एकटं हॉस्टेलवर टाकलं नाही. अख्खं घर हललं. गोष्ट सांगताना लोक आई आणि बहिणीचं नाव घेत नाहीत, पण गाव त्यांनीही सोडलंच होतं.

पहिल्यांदा नाव कधी गाजलं?

2014 मध्ये. पंजाबच्या सोळा वर्षांखालील आंतरजिल्हा स्पर्धेत त्यानं 351 धावा केल्या. निर्मल सिंगसोबत सलामीची भागीदारी 587 धावांची! सोळा वर्षांखालच्यांच्या विजय मर्चंट करंडकात पंजाबकडून पहिल्याच सामन्यात नाबाद द्विशतक. बीसीसीआयचा ज्युनियर गटातला सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार सलग दोन वर्षं, 2013-14 आणि 2014-15.

आपली पोरं गावच्या आठ ओव्हरच्या सामन्यात 40 केले की फेटा बांधून मिरवणूक काढतात. काढा, मलाही आवडतं. पण 351 धावा करायला दीड-दोन दिवस उभं राहावं लागतं. पाय दुखतात, तहान लागते, शंभर झाल्यावर मन सुटतं. ही वेगळीच कसरत आहे आणि टेनिस बॉलच्या सामन्यात तिची गाठ पडत नाही.

आपल्या विदर्भाविरुद्ध तो कधी खेळला का?

खेळला ना! राज्याच्या मुख्य संघाकडून त्याचा पहिलावहिला एकदिवसीय सामना विदर्भाविरुद्धच होता. फेब्रुवारी 2017, विजय हजारे करंडक. शतकबितक काही नाही.

पुढे नोव्हेंबर 2017 मध्ये बंगालविरुद्ध रणजी पदार्पण केलं, अर्धशतक काढलं आणि दुसऱ्याच सामन्यात सर्व्हिसेसविरुद्ध 129. त्या मोसमात पंजाब आणि विदर्भ एकाच गटात होते. गिल रणजीत पहिली पावलं टाकत होता तेव्हा त्याच गटातून निघून फैज फझलच्या नेतृत्वाखाली विदर्भानं इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली. रजनीश गुरबानीची हॅटट्रिक त्याच फायनलमधली.

अंडर-19 वर्ल्ड कपमध्ये काय केलं?

2018, न्यूझीलंड. पृथ्वी शॉ कर्णधार, गिल उपकर्णधार, राहुल द्रविड प्रशिक्षक. धावांची रांग अशी: ऑस्ट्रेलियाविरुद्ध 63, झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद 90, बांगलादेशविरुद्ध 86, सेमीफायनलला पाकिस्तानविरुद्ध नाबाद 102, फायनलला पुन्हा ऑस्ट्रेलियाविरुद्ध 31. एकूण 372, सरासरी 124. मालिकावीर. पाकिस्तान त्या सेमीफायनलमध्ये 69 वर गारद झाला होता. हे वाचून पोरं टाळ्या वाजवतात, वाजवू द्या.

अंडर-19 चा स्टार झाला म्हणजे इंडियात जागा पक्की?

अजिबात नाही. फायनलमध्ये नाबाद 101 मारून सामना जिंकून देणारा मनजोत कालरा होता. तो भारताच्या मुख्य संघात कधी आला नाही. कर्णधार पृथ्वी शॉ गिलच्या आधी कसोटी खेळला, ऑक्टोबर 2018 मध्ये राजकोटला पहिल्याच कसोटीत 134 केले. डिसेंबर 2020 मध्ये ॲडलेडच्या कसोटीनंतर तो बाहेर गेला आणि त्याच्या जागी आला तो गिल. एकाच संघातली, एकाच वयाची पोरं. म्हणून सोळाव्या-सतराव्या वर्षी ज्याचं नाव पेपरात येतं, त्याच्या बापाचे मी पेढे खातो पण अभिनंदन जरा जपून करतो.

आंतरराष्ट्रीय पदार्पण कसं झालं?

वाईट. 31 जानेवारी 2019, हॅमिल्टन. ट्रेंट बोल्टनं 21 धावांत पाच बळी घेतले, भारत सर्वबाद 92, गिल 9. पुढच्या सामन्यात 7. त्यानंतर भारताकडून पुढचा वनडे खेळायला डिसेंबर 2020 उजाडला.

एकोणीस वर्षांचं पोरगं, दोन सामन्यांत 16 धावा आणि घरी. आपल्याकडे याच वयाची पोरं तालुक्याच्या ट्रायलला एकदा नापास झाली की किट विकतात. त्यानं काय केलं? त्याआधीच्या रणजी मोसमात तमिळनाडूविरुद्ध 268 केलेले होतेच. त्यानंतर आयपीएलमध्ये कोलकात्याकडून 2019 चा उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार मिळवला. मग ऑगस्टमध्ये भारत 'अ' संघाकडून त्रिनिदादला वेस्ट इंडीज 'अ' विरुद्ध नाबाद 204. भारताच्या प्रातिनिधिक संघाकडून इतक्या लहान वयात प्रथमश्रेणी द्विशतक तोवर कोणी केलं नव्हतं. हे सामने कोणी टीव्हीवर पाहिले नाहीत. पण निवड याच धावांवर होत असते.

मेलबर्न आणि गाबाचं सांगा ना सर!

सांगतो, हे मला कितीही वेळा सांगायला आवडतं.

ॲडलेडला भारत 36 धावांत आटोपला होता. विराट कोहली घरी परतलेला. अशात 26 डिसेंबर 2020 ला मेलबर्नला गिलला कसोटी टोपी मिळाली. वय एकवीस. समोर स्टार्क, कमिन्स, हेझलवूड. पहिल्या डावात 45, दुसऱ्यात नाबाद 35, आणि भारत आठ विकेटनी जिंकला. सिडनीला 50 आणि 31.

मग ब्रिस्बेन. गाबावर ऑस्ट्रेलिया 1988 पासून हरला नव्हता. शेवटच्या दिवशी 328 चं लक्ष्य, आणि आपला निम्मा संघ जखमी होऊन बाहेर बसलेला. रोहित शर्मा लवकर गेला. एका बाजूला पुजारा अंगावर बॉल घेत उभा. दुसऱ्या बाजूनं गिल स्टार्कच्या आखूड बॉलवर मागच्या पायावर जाऊन मारत होता. ऑस्ट्रेलियाला वाटलं होतं पाहुणे ड्रॉसाठी खेळतील. गिलच्या 91 धावांनी त्यांचा तो समज मोडला. शतक हुकलं, नेथन लायनच्या बॉलवर स्लिपमध्ये स्टीव्ह स्मिथनं झेल घेतला. पण ऋषभ पंतनं नाबाद 89 करत शेवट केला तेव्हा पाया घातलेला होता. तीन विकेटनी जिंकलो.

मला पोरांना त्या डावात एकच दाखवायचं असतं: त्याचं डोकं. स्टार्कचा बॉल छातीवर येतो तेव्हा पाय हलतात, हात हलतात, डोकं हलत नाही. मोबाइलवर हळू करून बघा.

मग पहिलं शतक कधी?

लगेच नाही! वनडेतलं पहिलं शतक ऑगस्ट 2022 मध्ये हरारेला, झिम्बाब्वेविरुद्ध 130. त्याच्या महिनाभर आधी वेस्ट इंडीजमध्ये 98 वर नाबाद असताना पाऊस आला आणि शतक राहून गेलं. कसोटीतलं पहिलं डिसेंबर 2022 मध्ये चितगावला बांगलादेशविरुद्ध, 110. म्हणजे मेलबर्नपासून जवळपास दोन वर्षं. दुखापतीनंही मध्ये बाहेर बसवलं.

208 वाला सामना?

18 जानेवारी 2023, हैदराबाद, न्यूझीलंडविरुद्ध. 149 बॉलमध्ये 208, नऊ सिक्स. बाकी कोणी पन्नाशीही गाठली नाही. लॉकी फर्ग्युसनला लागोपाठ तीन सिक्स मारून 182 वरून 200 पार. तेव्हा तो वनडेतला सर्वांत लहान वयाचा द्विशतकवीर ठरला. त्या महिन्यात त्याची बॅट थांबतच नव्हती: श्रीलंकेविरुद्ध तिरुवनंतपुरमला 116, इंदूरला न्यूझीलंडविरुद्ध 112, आणि 1 फेब्रुवारीला अहमदाबादला टी-ट्वेंटीत नाबाद 126.

आता पुढचं ऐका. त्यानंतर आठवडाभरात, 9 फेब्रुवारीला, आपल्याच जामठ्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी होती. गिल खेळला का? नाही. सलामीला के. एल. राहुल आणि रोहित होते, गिल बाहेर बसला. एवढ्या धावा करून! भारत तीन दिवसांत डावानं जिंकला म्हणून त्यावर फार आरडाओरडा झाला नाही. दिल्लीची कसोटीही बाहेरून पाहिली. इंदूरला संधी मिळाली आणि अहमदाबादला 128 केले. "आमच्या पोराला मुद्दाम बसवलं" अशी तक्रार घेऊन दर मोसमात पालक येतात. कधी ती खरीही असते. पण बसवलेला प्रत्येक पोरगा अन्याय झालेला नसतो, अकरा जागांचं गणितही असतं. मी त्यांना जामठ्याची ही गोष्ट सांगतो आणि चहा देतो.

टेनिस बॉल खेळून बॅटिंग बिघडते का?

बिघडत नाही, पण अडकते. टेनिस बॉल उंच उसळतो, हलका असतो, आडव्या बॅटनं ओढला तरी तुरीच्या वावरात जातो. लेदर बॉल तसाच ओढला की वरची कड लागते. तूर निघाल्यावर गावोगावी खुले सामने लागतात, मंडप, माइक, पहिलं बक्षीस अमुक भाऊंकडून; त्यात खेळा, मजा करा. फक्त बारा ते सोळा या वयात अर्ध्याहून जास्त बॉल लेदरचे किंवा सिंथेटिकचे खेळायला हवेत.

जन्मतारीख थोडी मागंपुढं केली तर चालते का?

नाही. आणि हा प्रश्न मला पुन्हा विचारू नका. सोळा वर्षांखालच्या मुलांची मनगटाचा एक्स-रे काढून हाडांची चाचणी होते. तिथे कागद काहीही म्हणो, हाड बोलतं. पकडला गेला तर बंदी येते. नाही पकडला गेला तर लहान पोरांना बदडून फुगलेला पोरगा एकोणिसाव्या वर्षी खऱ्या वयाच्या पोरांपुढे उघडा पडतो. गिल उलट रस्त्यानं आला, नेहमी मोठ्यांविरुद्ध खेळत.

आपल्याकडे वर जायची शिडी कोणती?

विदर्भ क्रिकेट संघटना नागपूरला आहे, आणि विदर्भाचे अकराही जिल्हे तिच्या हद्दीत येतात. जिल्ह्याच्या निवड चाचण्यांपासून सुरुवात होते, तारखा जिल्हा संघटनेकडे विचारत राहा. त्यापुढे विदर्भाच्या संघात आला तर सोळाखालचा विजय मर्चंट करंडक, एकोणीसखालचे कूचबिहार आणि विनू मंकड, तेवीसखालचा सी. के. नायडू करंडक, मग रणजी. गिलही याच पायऱ्यांनी गेला, फक्त पंजाबातून.

अडचण अंतराची आहे. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर, सिरोंच्याच्या पोरानं तर काय करावं! चाचणी सकाळी असेल तर आदल्या रात्रीच निघावं लागतं, आणि एसटीतून उतरून झोपाळल्या डोळ्यांनी पोरगा दहा बॉल खेळतो. त्या दहा बॉलमध्ये बाद झाला की संपलं. नातेवाईक असेल तर दोन दिवस आधी जा. एवढंच आपल्या हातात आहे.

मुलींना संधी आहे का?

आहे, आणि गर्दी कमी असल्यानं कदाचित जरा जास्तच. नागपूरची मोना मेश्राम आणि अमरावतीची भारती फुलमाळी, दोघी भारताकडून खेळल्या. घरातून संध्याकाळी मैदानावर पाठवायची तयारी असली की बाकी सगळं पोरांसारखंच.

सर, चार एकर विकून पोट्ट्याले नागपूरले टाकू का?

नका विकू, भाऊ.

लखविंदर सिंगांनी घर हलवलं, पण त्याआधी काही वर्षं वावरात स्वतः बॉल टाकून पोराची आवड, दम आणि डोळा पारखला होता. तुम्ही पारखलं का? पोरगा स्वतःहून सकाळी साडेपाचला उठतो की तुम्ही उठवता? सात-आठ वर्षांपासून बारापर्यंत करायचं बहुतेक काम गावातच होतं: थ्रोडाउन, कॅच, धावणं, सरळ बॅट. त्यासाठी नागपूर लागत नाही, बापाचा रोजचा एक तास लागतो. बारा-तेराव्या वर्षी जिल्ह्याच्या चाचणीत तो तुमच्या गावाबाहेरच्या पोरांमध्येही उठून दिसला, एकदा नाही तर दोन-तीन मोसम, तर शहराचा विचार करा. तोही भाड्याच्या खोलीचा, शाळा चालू ठेवून, आणि जमीन तशीच ठेवून. कोणी "पैसे भरा, सिलेक्शन करून देतो" म्हणाला तर त्याचा नंबर मोबाइलमधून काढून टाका.

गिल 2025 च्या मे महिन्यात पंचविसाव्या वर्षी भारताचा कसोटी कर्णधार झाला, इंग्लंडमध्ये पाच कसोटींत 754 धावा केल्या, एजबॅस्टनला एकाच सामन्यात 269 आणि 161. ते पाहून तुमच्या मनात हा विचार आलाय, मला कळतं. पण त्याच्यासोबत आंतरजिल्हा स्पर्धा खेळलेली शेकडो पोरं आज नोकरी करतात, शेती करतात. त्यांच्या बापांकडे जमीन शिल्लक असेल तर बरंच.

बॅट कोणती घेऊ?

पोराच्या कमरेपर्यंत हँडल येईल अशी, आणि वरच्या एकट्या हातानं त्याला सरळ उचलता येईल इतकी हलकी. "दोन वर्षं चालेल" म्हणून मोठी घेऊ नका, जड बॅटनं पोरं आडवंच मारतात. बारा वर्षांपर्यंत काश्मीर विलो, म्हणजे काश्मिरी विलोच्या लाकडाची बॅट पुरेशी आहे. इंग्लिश विलोवर पैसे घालण्याआधी हेल्मेट, पॅड आणि गार्ड घ्या, याच क्रमानं.

बाजेवरून बॉल टाकायचा तो कसा?

बाज टप्प्याच्या जागी ठेवा, बॅट्समनपासून पाच-सहा पावलांवर. दोरी ढिली असेल तर वर प्लायवूडची फळी टाका, नाहीतर बॉल तिथेच बसतो. टेनिस बॉल पाण्यात बुडवून घ्या, म्हणजे जास्त सरकतो. आधी हळू, मग वाढवत न्या, आणि तीस-चाळीस बॉलनंतर पोराला दम घेऊ द्या, कारण डोळे थकले की तो नुसता अंदाजानं बॅट फिरवतो. ओला टेनिस बॉलही नाकावर बसला तर रक्त काढतो, तेव्हा हेल्मेटशिवाय नाही. मे महिन्यात सकाळी नऊच्या आत आटपा.